पृष्ठवंशाची पार्श्ववक्रता आणि सूचिवेध चिकित्सा

मनुष्य दोन पायांवर ताठ उभा राहू शकतो, तो पृष्ठवंशाच्या आधारावर. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे सुटे मणके, त्यांच्या खाली परस्परांशी जुळून गेलेले त्रिकास्थीचे ५ आणि अगदी टोकाशी माकडहाडाचे साधारणतः ४, अशी या स्तंभाची रचना आहे. सुट्या मणक्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. त्यांच्यामुळे कणा भार पेलतो, वाकतो आणि वळतोही. निरोगी कणा पाठीमागून पाहिला असता सरळ रेषेत दिसतो. बाजूने पाहिला असता मात्र तो मानेशी व कमरेशी पुढे आणि पाठीत मागे असा मंद लाटेसारखा दिसतो. ही लाट नैसर्गिक आहे. चालताना व उड्या मारताना बसणारे धक्के तिच्यामुळे सौम्य होतात.

काही मुलांच्या बाबतीत, विशेषतः वाढीच्या वयात, हा कणा डावीकडे किंवा उजवीकडे कलू लागतो. या विकारास पार्श्ववक्रता असे म्हणता येईल. वैद्यकीय व्यवहारात तो स्कोलिओसिस या ग्रीक मूळच्या नावाने ओळखला जातो. एक खांदा वर, एक खाली. कमरेची एक बाजू खोल, दुसरी सपाट. पाठीचे एक फरे पुढे आलेले, अशी लक्षणे प्रथम बहुधा आईच्या किंवा शिंप्याच्या नजरेस पडतात. किशोरवयीन मुलांमध्ये शंभरांपैकी दोघा-तिघांत ही वक्रता कमी-अधिक प्रमाणात आढळते. त्यांतील बहुतेकांना कोणत्याही उपचाराची गरज पडत नाही. ज्या थोड्यांना ती पडते, त्यांच्या बाबतीत मात्र उपचार कोणता आणि तो केव्हा, या दोन प्रश्नांवर पुष्कळ काही अवलंबून असते.

हे प्रश्न आज शहरांत अधिक गुंतागुंतीचे झाले आहेत. बंगळूर शहराच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही वस्ती उदाहरणादाखल घेता येईल. १९६३ साली स्थापन झालेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय याच भागात आहे. संगणक-व्यवसायाच्या भरभराटीबरोबर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून, अर्थात महाराष्ट्रातूनही, अनेक कुटुंबे येथे येऊन राहिली. अशा वस्तीत अस्थिरोगतज्ज्ञ, व्यायामोपचार करणारे, योगवर्ग चालविणारे आणि सुया टोचून उपचार करणारे असे सर्वच हाकेच्या अंतरावर असतात. सूचिवेध, म्हणजेच अॅक्युपंक्चर, या पद्धतीने वाकलेला कणा सरळ होतो काय, असा प्रश्न पालकांच्या मनात उद्भवल्यास त्यात नवल नाही. प्रस्तुत पुस्तिकेत या प्रश्नाचा विचार क्रमाक्रमाने केला आहे.

वक्रता म्हणजे नेमके काय?

पार्श्ववक्रतेत कणा केवळ एका बाजूस झुकतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो झुकतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळवटलाही जातो. ओला कपडा पिळताना त्याला जसा बाक व पीळ एकदमच येतो, तसाच हा प्रकार असतो. पाठीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे मणके फिरले की बरगड्याही फिरतात आणि पाठीच्या एका बाजूस उंचवटा निर्माण होतो. भागवतातील मथुरेच्या कुब्जेचे एक नाव त्रिवक्रा, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेली, असे आहे. वक्रता एकाच दिशेने नसते, ही गोष्ट लोकांच्या निरीक्षणात पूर्वीपासून होती, असे या नावावरून म्हणता येईल.

दहांपैकी सुमारे आठ रुग्णांत या वक्रतेचे निश्चित कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा तिच्याशी संबंध आहे, एवढे मात्र स्पष्ट झाले आहे. उरलेल्यांपैकी काहींत मणक्यांची घडण जन्मतःच सदोष असते, तर काहींत मज्जातंतूंचे किंवा स्नायूंचे विकार कारणीभूत होतात. एके काळी पोलिओ हे यांतील एक मोठे कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. तथापि बालपणी पोलिओ होऊन गेलेल्या प्रौढांमध्ये त्या आजाराने आलेली वक्रता अद्याप पाहावयास मिळते. क्षयाने मणके पोखरले गेल्यामुळे येणारे कुबड हा विकार मात्र निराळा आहे. त्यात कणा पुढे वाकतो आणि त्यावर क्षयाचाच औषधोपचार करावा लागतो.

जड दप्तर, वाकून बसण्याची सवय, संगणकासमोरील दीर्घ बैठक यांमुळे ही वक्रता येते, असे अनेकांना वाटते. या सवयींनी पाठ दुखते, खांदे पुढे येतात. म्हणून त्या सुधाराव्यात हे योग्यच. परंतु अशा ढिल्या बैठकीने आलेला बाक मूल ताठ उभे राहिले की नाहीसा होतो. खऱ्या पार्श्ववक्रतेत मणक्यांची मांडणीच बदललेली असते आणि केवळ ताठ राहण्याच्या निश्चयाने ती जात नाही. म्हणून अशा मुलीस “नीट उभी राहा” असे सतत बजावणे निरुपयोगी असते आणि तिच्यावर अन्याय करणारेही असते.

वक्रतेचे मोजमाप

शास्त्रीय विचाराचा आरंभ मोजमापापासून होतो. न्यूयॉर्क येथील शस्त्रवैद्य जॉन कॉब यांनी १९४८ साली वक्रता मोजण्याची एक पद्धत मांडली आणि तीच आज जगभर प्रमाण मानली जाते. मुलाला उभे करून कण्याचे क्ष-किरण चित्र घेतात. बाकाच्या वरच्या टोकास असलेल्या सर्वांत तिरप्या मणक्याच्या वरच्या कडेवरून एक रेषा काढतात आणि खालच्या टोकाच्या सर्वांत तिरप्या मणक्याच्या खालच्या कडेवरून दुसरी. या दोन रेषांमधील कोन म्हणजे कॉबचा कोन होय. तो १० अंशांहून कमी असल्यास त्यास पार्श्ववक्रता म्हणत नाहीत.

या मोजणीत एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तेच चित्र दोन तज्ज्ञांनी मोजले, किंवा एकाच तज्ज्ञाने निरनिराळ्या दिवशी मोजले, तरी उत्तरात सुमारे ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. त्यामुळे २८ अंशांची वक्रता उपचारानंतर २५ अंशांवर आली, एवढ्यावरून ती सुधारली असे म्हणता येत नाही. आणि ३१ अंश झाली म्हणून लगेच बिघडली असेही ठरत नाही. कोणत्याही उपचाराच्या यशाची वार्ता ऐकताना हा ५ अंशांचा फरक विसरून चालत नाही.

क्ष-किरणांवाचून प्राथमिक तपासणी करण्याची एक सोपी रीत इंग्लंडमधील शस्त्रवैद्य विल्यम अॅडम्स यांनी १८६५ साली वर्णन केली होती. मुलाने पावले जुळवून, गुडघे ताठ ठेवून आणि तळहात एकत्र जोडून कमरेत पुढे वाकावे. तपासणाऱ्याने मागे उभे राहून पाठीची पातळी पाहावी. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसल्यास मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. शाळेतील व्यायामशिक्षकही ही तपासणी करू शकतात. मुलींची तपासणी शिक्षिकेने, एकांतात आणि त्यांचा संकोच जपून करावी, हे सांगावयास नकोच.

वाढीचे वय: उपचाराचा खरा काळ

हाडांची वाढ त्यांच्यावर पडणाऱ्या दाबाच्या अनुरोधाने बदलते. वाढत्या हाडाच्या ज्या बाजूवर दाब अधिक, त्या बाजूची वाढ मंदावते आणि दाब कमी असलेली बाजू वेगाने वाढते. एकोणिसाव्या शतकातच जर्मन शस्त्रवैद्यांनी हा नियम ओळखला होता. कणा एकदा वाकला की बाकाच्या आतल्या बाजूवर दाब वाढतो, तेथील वाढ खुंटते, मणका पाचरीच्या आकाराचा होऊ लागतो आणि पाचर झालेला मणका बाक आणखी वाढवितो. याप्रमाणे हे चक्र चालू राहते.

हे चक्र सर्वांत वेगाने फिरते ते उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात. मुलींच्या बाबतीत हा काळ साधारणपणे अकराव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंतचा, तर मुलांच्या बाबतीत त्यानंतर एक-दोन वर्षांनी येणारा असतो. लहान वक्रता मुलांत आणि मुलींत जवळजवळ सारख्याच आढळतात. मोठ्या वक्रतांत मात्र मुलींची संख्या मुलांच्या कितीतरी पट असते. वाढ थांबली की लहान व मध्यम वक्रता बहुधा स्थिर राहतात. ५० अंशांच्या पुढे गेलेल्या वक्रता पुढेही दरवर्षी सुमारे एका अंशाने वाढत राहण्याचा संभव असतो. म्हणून उपचारांचे उद्दिष्ट, वाढ पूर्ण होईपर्यंत कणा ५० अंशांच्या अलीकडे राखणे, हे असते. वाढीची ही दोन-तीन वर्षे एकदाच येतात आणि निसटल्यावर परत मिळत नाहीत. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

सूचिवेधाची परंपरा आणि तिचे भारतातील आगमन

सूचिवेध ही चीनमधील दोन सहस्र वर्षांहून जुनी चिकित्सापद्धती होय. शरीरात ची नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, तिच्या प्रवाहात अडथळा आला की रोग उद्भवतो आणि त्या मार्गांवरील विशिष्ट बिंदूंवर सुई टोचल्याने प्रवाह मोकळा होतो, अशी तिची परंपरागत उपपत्ती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ३६१ बिंदूंच्या नावांचे व स्थानांचे प्रमाणीकरण केले. पाठीच्या मध्यरेषेवरून जाणारा मार्ग आणि कण्याच्या दोहो बाजूंस असलेले बिंदू यांना या पद्धतीत मोठे महत्त्व आहे. पाठीच्या विकारांसाठी हे बिंदू निवडले जातात.

या विद्येच्या भारतातील आगमनाचा धागा महाराष्ट्राला परिचित असलेल्या एका घटनेशी जुळतो. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे ते पाच जण होत. त्यांपैकी डॉ. चोळकर नागपूरचे आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. डॉ. कोटणीस यांनी चीनमध्येच शस्त्रवैद्य म्हणून सेवा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी देह ठेवला. त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला चित्रपट प्रसिद्धच आहे. त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, तेथे त्यांनी सूचिवेधाचे शिक्षण घेतले आणि परत आल्यावर कलकत्त्यात या पद्धतीने उपचार सुरू केले. भारतातील सूचिवेधाचा प्रसार त्यांच्यापासून झाला.

पश्चिम बंगालने १९९६ साली आणि महाराष्ट्राने २०१५ साली या चिकित्सेसंबंधी कायदे केले. केंद्र सरकारनेही २०१९ साली तिला मान्यता दिली. कायद्याने उपचार करणाऱ्याचे शिक्षण, नोंदणी आणि जबाबदारी यांचे नियमन होते. अमुक एक विकार त्या उपचाराने बरा होतो किंवा नाही, याचा निर्णय मात्र कायदा करू शकत नाही. तो निर्णय प्रयोगानेच होतो.

सुई टोचल्याने काय घडते?

सूचिवेधाची सुई केसासारखी बारीक व भरीव असते. ती त्वचेतून स्नायूपर्यंत गेली असता तेथील मज्जातंतू उद्दीपित होतात. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले, की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत शिरताना जणू एका दारातून जातो आणि इतर संवेदनांच्या योगाने हे दार काही अंशी लोटून घेता येते. १९७० नंतरच्या दशकात शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये तयार करते, असा शोध लागला. या द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिले असता सूचिवेधाने होणारे वेदनाशमन कमी होते, असे त्या काळच्या काही प्रयोगांत दिसून आले. सुईचा वेदनेवर काही परिणाम होऊ शकतो, या म्हणण्यास याप्रमाणे शरीरशास्त्रात आधार सापडतो.

तथापि वेदना ही एक गोष्ट आणि मणक्याचा आकार ही दुसरी. ताठरलेला स्नायू सैल पडणे, दुखणे कमी होणे, झोप नीट लागणे हे परिणाम मज्जासंस्थेच्या मार्गाने होऊ शकतात. पाचरीसारखा झालेला मणका पुन्हा चौकोनी होण्यासाठी, किंवा पिळलेला कणा उलट फिरण्यासाठी, हाडाच्या वाढत्या भागावरील दाबच बदलावा लागतो. एका वेळी वीस-तीस मिनिटे ठेवलेली सुई हा दाब कशी बदलील, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

वक्रतेवरील प्रयोग काय सांगतात?

उपपत्ती अपुरी असली तरी प्रयोगाने गुण दिसल्यास विज्ञान तो नाकारीत नाही. म्हणून प्रयोगांकडे वळणे आवश्यक आहे. २००८ साली जर्मनीतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात पार्श्ववक्रता असलेल्या १४ ते १६ वर्षे वयाच्या २४ मुलींना एकदा खरा आणि एकदा दिखाऊ सूचिवेध देऊन पाठीच्या पृष्ठभागाची मापे घेण्यात आली. सर्व मुलींचा एकत्र विचार करता लक्षणीय परिणाम आढळला नाही. ३५ अंशांपर्यंतची वक्रता असलेल्या मुलींच्या मापांत खऱ्या सूचिवेधानंतर काही बदल दिसला. परंतु हा बदल केवळ एका बैठकीनंतरचा आणि पाठीच्या बाह्य आकारातील होता. वाढ पूर्ण होईपर्यंत कण्याचे काय झाले, हे पाहण्याची या प्रयोगाची योजनाच नव्हती. सूचिवेधाने वाढत्या मुलांच्या कण्याची वक्रता थांबते किंवा कमी होते, असे दाखविणारा भक्कम पुरावा आजवर उपलब्ध झालेला नाही.

असे असूनही सुईने गुण आल्याचे प्रामाणिकपणे सांगणारी कुटुंबे भेटतात. त्यांचे म्हणणे कसे समजावून घ्यावे? याचे उत्तर २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात सापडते. डॉ. स्टुअर्ट वाइनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडा येथील १० ते १५ वर्षांच्या, २० ते ४० अंशांची वक्रता असलेल्या २४२ मुलामुलींचा अभ्यास केला. काहींना कण्याला आधार देणारा घट्ट पट्टा देण्यात आला आणि इतरांचे केवळ निरीक्षण करण्यात आले. वाढ पूर्ण होईपर्यंत वक्रता ५० अंशांच्या आत राहिली तर यश, असे ठरविण्यात आले होते. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुले यशस्वी ठरली. केवळ निरीक्षणाखाली असलेल्यांपैकी ४८ टक्के.

यांतील दुसरा आकडा विशेष विचार करण्याजोगा आहे. समजा, कोरमंगल्यातील, पुण्यातील आणि कोल्हापुरातील मिळून अशा १०० मुलांवर फक्त सूचिवेध करण्यात आला आणि त्या सुईचा कण्यावर काहीएक परिणाम होत नाही असे धरले, तरी त्यांपैकी सुमारे ४८ मुलांची वक्रता ५० अंशांपर्यंत जाणारच नाही. या ४८ कुटुंबांना सुईनेच आपल्या मुलाला वाचविले, असे मनापासून वाटेल. ती खोटे बोलत नसतात. उपचाराविना काय घडले असते, हे पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नसते, इतकेच. उरलेली ५२ कुटुंबे बहुधा दुसरीकडे जातात आणि त्यांचे अनुभव कोणाच्या कानी येत नाहीत. या १०० मुलांना पट्टा दिला असता, तर सुमारे ७२ मुले यशस्वी झाली असती. ७२ आणि ४८ यांतील फरक २४. वाढीच्या वयात सिद्ध उपचार सोडून असिद्ध उपचारावर विसंबल्याची किंमत ही २४ मुले देतात. आणि ती आपणच देत आहोत, हे त्या वेळी त्यांपैकी कोणालाच कळत नाही.

पट्टा, व्यायाम आणि शस्त्रक्रिया

कणा बाहेरून आधार देऊन सरळ करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्समधील आंब्रॉझ पारे यांनी त्यासाठी लोखंडी कवच वापरले होते. विसाव्या शतकात चामडे व धातू यांचे आणि पुढे हलक्या प्लास्टिकचे पट्टे प्रचारात आले. सर्वसाधारणपणे २५ अंशांच्या आतील वक्रतेत ठरावीक मुदतीने तपासणी, २५ ते ४५ अंशांत, वाढ शिल्लक असल्यास, पट्टा, आणि ४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार, असा क्रम पाळला जातो. प्रत्येक मुलाचे वय, शिल्लक वाढ आणि वक्रतेचे स्थान पाहून तज्ज्ञ त्यात फेरफार करतात.

पट्टा वापरणे सोपे नसते, हे मान्य केले पाहिजे. उन्हाळ्यात तो उकडतो, गणवेशाखाली दिसतो, वर्गमैत्रिणी प्रश्न विचारतात. पट्ट्याऐवजी आठवड्यातून दोनदा सुया टोचून काम भागेल, असे कोणी म्हटले तर मुलीला आणि तिच्या आईवडिलांना ते हवेसे वाटते, याचे कारण येथे आहे. परंतु उपरोक्त प्रयोगात पट्ट्यांमध्ये उष्णता नोंदविणारी उपकरणे बसविली असल्याने, कोणी किती तास पट्टा खरोखर वापरला हे कळले. जी मुले दिवसाकाठी सरासरी सुमारे तेरा तास वा अधिक काळ तो वापरीत, त्यांच्यातील यश ९० टक्क्यांच्या घरात गेले. पट्ट्याखाली मऊ सुती बनियन घालणे, शाळेला आधी कल्पना देणे, खेळासाठी पट्टा काढण्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घेणे, अशा साध्या उपायांनी हे तास पुरे करता येतात.

वक्रतेचा विचार करून आखलेल्या व्यायामांची एक पद्धत जर्मनीत काथारिना श्रोट यांनी १९२१ च्या सुमारास सुरू केली. असे व्यायाम पट्ट्याला पूरक म्हणून अनेक ठिकाणी दिले जातात. शस्त्रक्रियेत टेक्सासचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी क्रांती घडविली. पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी त्यांनी पोलादी दांडी बसविण्याची पद्धत विकसित केली आणि १९६२ साली ती प्रसिद्ध केली. आज मणक्यांत स्क्रू बसवून वक्रता आणि पीळ हे दोन्ही एकाच वेळी कमी केले जातात.

सूचिवेधाला कोठे स्थान असू शकते?

वाढ पूर्ण झालेल्या प्रौढांचा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेतील आयोवा येथे, उपचार न झालेल्या पार्श्ववक्रतेच्या रुग्णांचा सुमारे ५० वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी बहुतेक जण आपापले व्यवसाय व संसार सर्वसामान्यांप्रमाणे करीत असल्याचे आढळले. मात्र दीर्घकाळ पाठ दुखण्याची तक्रार त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांत, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांपैकी ३५ टक्क्यांत होती. अशा प्रौढांचे मुख्य गाऱ्हाणे वेदना हे असते, आणि वेदनेच्या बाबतीत सूचिवेधाचा विचार करता येतो.

कंबरदुखीवर २००७ साली जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. सहा महिन्यांनंतर खऱ्या सूचिवेधाने ४७.६ टक्के, चुकीच्या जागी वरवर सुया टोचलेल्या दिखाऊ सूचिवेधाने ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना आराम वाटला. सुई टोचून घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक बरे वाटले, हे खरे. पण सुई नेमक्या बिंदूवर टोचल्याने फारसा फरक पडला नाही, हेही तितकेच खरे. विश्वास, विश्रांती, उपचारकाचे लक्ष आणि सुईचा सर्वसाधारण परिणाम यांचा त्यात मोठा वाटा असावा. यामुळेच तज्ज्ञांत मतभेद आहेत. इंग्लंडमधील आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी सूचिवेध करू नये असे सुचविले. अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१७ साली, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली, दीर्घकालीन कंबरदुखीत तो वापरता येईल असे म्हटले. हे सर्व संशोधन सामान्य कंबरदुखीचे आहे. वक्र कण्याला त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

दक्षता

कुशल हातांनी केलेला सूचिवेध बहुतांशी निर्धोक असतो. तथापि छातीच्या मागील भागात सुई फार खोल गेल्यास फुप्फुसाभोवती हवा शिरून श्वास कोंडण्याचा धोका क्वचित संभवतो. पार्श्ववक्रतेत बरगड्या व मणके फिरलेले असल्यामुळे नेहमीच्या खुणांवरून खोलीचा अंदाज चुकू शकतो. म्हणून उपचारकास वक्रतेची कल्पना देऊन क्ष-किरण चित्र दाखवावे. सुया निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या आहेत याची खात्री करावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा कण्यावर शस्त्रक्रिया झालेली असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रात्री झोपमोड करणारी वेदना, पायांत अशक्तपणा वा बधिरपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, किंवा वक्रता झपाट्याने वाढणे, यांपैकी काहीही आढळल्यास कोणत्याही पर्यायी उपचारात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. किशोरवयातील नेहमीच्या पार्श्ववक्रतेत अशी लक्षणे सहसा नसतात. ती असल्यास त्यांमागे दुसरा विकार असण्याचा संभव असतो.

तात्पर्य

सूचिवेधाने वेदना काही प्रमाणात शमू शकते. त्याने वक्र कणा सरळ होतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून वाढत्या मुलाला वेदनेसाठी किंवा ताणासाठी सुया टोचून घ्यावयाच्या असल्यास त्या खुशाल घ्याव्यात, परंतु पट्टा सोडू नये आणि तपासणीची तारीख चुकवू नये. वाढीच्या काळात साधारणतः चार ते सहा महिन्यांनी होणारी ही तपासणी हेच उपचाराचे खरे होकायंत्र आहे. जुनी क्ष-किरण चित्रे जपून ठेवावीत, प्रत्येकावरील कोन तारखेसह वहीत नोंदवावा आणि उपचार कोणताही असो, त्याची परीक्षा त्या वहीवरून करावी. मुलगी बारा वर्षांची असताना जे करता येते, ते ती सोळा वर्षांची झाल्यावर करता येत नाही. विज्ञानाला या बाबतीत ठामपणे सांगता येण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ढिल्या बैठकीने आलेला बाक आणि खरी पार्श्ववक्रता यांतील भेद कसा ओळखावा?

२. कॉबचा कोन कसा मोजतात, हे आकृती काढून दाखवा. २८ अंशांची वक्रता २५ अंश झाली, तर ती सुधारली असे का म्हणता येत नाही?

३. वाढ चालू असतानाच पट्ट्याचा उपयोग का होतो? हाडावरील दाब व वाढ यांच्या संबंधावरून स्पष्ट करा.

४. निरीक्षणाखालील मुलांपैकी ४८ टक्के यशस्वी ठरली, या आकड्यावरून ऐकीव अनुभवांविषयी कोणता बोध घ्यावा?

५. जर्मनीतील २००७ च्या प्रयोगात दिखाऊ सूचिवेध करणे का आवश्यक होते? तो गट नसता तर कोणता चुकीचा निष्कर्ष निघाला असता?